हाक आणि काडतूस

'पुल' असं म्हणून मी थांबले. समोरच्या खंदकातून काहीच उडालं नाही. बंदूक खांद्याला, गाल लाकडाला टेकलेला, डावा हात नळीखाली थरथरतोय आणि समोर नुसतं रिकामं आकाश. मागून कोच म्हणाले, "मॅडमजी, माईकने सुना नहीं." दुसऱ्यांदा मी मोठ्याने म्हटलं. या वेळी चकती उडाली, पण ओरडताना माझी हनुवटी वर गेली आणि गाल सुटला. केशरी चकती उजवीकडे निघून गेली. मी गोळी झाडली ती कुठे गेली, मला आजही सांगता येणार नाही.

चंदीगडला बदली होऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. वय त्रेचाळीस, बँकेतली नोकरी, माहेर सोलापूर. आमच्याकडे नेमबाजी म्हणजे रायफल आणि पिस्तूल. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे. ही नावं आम्हाला पाठ असतात. एका काळ्या ठिपक्याकडे श्वास रोखून बघायचं, हे माझ्या डोक्यातलं नेमबाजीचं चित्र होतं. इथे आल्यावर कळलं की पंजाबात नेमबाजी म्हटलं की अनेकांच्या मनात आधी शॉटगन येते, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने उडत्या चकत्या फोडणं; ट्रॅप आणि स्कीट हे त्याचे प्रकार. पतियाळ्याच्या राजघराण्यातल्या रणधीर सिंगांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅपचं सुवर्ण मिळवलं. मानवजित सिंग संधू २००६ मध्ये ट्रॅपचे विश्वविजेते झाले. आणि गनेमत सेखों तर याच शहरातली. २०२१ च्या दिल्ली विश्वचषकात तिने स्कीटचं कांस्य जिंकलं, तेव्हा विश्वचषकात स्कीटमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. ऑफिसातल्या एका सहकारी मुलीबरोबर मी एका रविवारी पतियाळ्याच्या बाजूच्या रेंजवर नुसतं बघायला गेले, आणि पुढच्या रविवारी नाव नोंदवून आले.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. त्याचं अर्धं श्रेय माझ्या मावसभावाला द्यायला हवं. दादा टेक्सासात राहतो. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या रँचवर तो कायोटीच्या शिकारीला जायला शिकला. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला भाऊबंद, आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा थोराड. तिथे तो कोकरं आणि वासरं उचलतो आणि टेक्सासात त्याच्या शिकारीला बंद हंगाम नाही. मी शॉटगन शिकतेय म्हटल्यावर दादाला फार आनंद झाला. भारतात येणाऱ्या एका ओळखीच्या बरोबर त्याने माझ्यासाठी एक लाकडी शिट्टी पाठवली आणि फोनवर तासभर समजावलं.

ती शिट्टी फुंकली की जखमी सशाचं किंचाळणं ऐकू येतं. दादा म्हणाला, सुरुवातीला त्यालाही काही कळलं नव्हतं. दुकानात एक भिंत भरून शिट्ट्या होत्या. एका प्रकारात पाती आतच बंद असते, ती कुणीही फुंकली तरी एकच आवाज देते. नवख्याला तीच बरी. दुसऱ्या प्रकारात पाती उघडी असते, दातांनी दाबून तिचे दहा आवाज काढता येतात, पण हात बसायला महिने लागतात. तिसरी टाळूला चिकटवून तोंडात ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. शिवाय बॅटरीवर चालणारे भोंगे आहेतच. वारा कुठून येतोय ते बघून बसायचं, कारण कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. काडतूस 'नंबर फोर बक'. अंतर पस्तीस-चाळीस यार्डांच्या आत. मी सगळं वहीत लिहून घेतलं. दादा कायोटीबद्दल बोलत होता आणि मला चकत्या फोडायच्या होत्या, हा फरक मला तेव्हा कळतच नव्हता. बंदूक तीच, बारा बोअर. मग हाकही तीच आणि काडतूसही तेच असणार, असं मी गृहीत धरलं.

ती वही घेऊन मी एका गन हाऊसमध्ये गेले. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे सरदारजी होते. मी विचारलं, "नंबर फोर बक मिळेल का? आणि कोल्ह्याला बोलवायच्या शिट्ट्या?" ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "लायसन्स दिखाइए, बेटा." माझ्याकडे परवाना नव्हता. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि मला जे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. परवान्याशिवाय एकही काडतूस विकता येत नाही, घेताही येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि तो काडतुसालाही लागू आहे. नवख्याने क्लबची बंदूक क्लबच्याच आवारात, कोचच्या नजरेखाली, क्लबने मोजून दिलेल्या काडतुसांनी चालवायची आणि रिकामी टरफलं परत मोजून द्यायची. राहिला कोल्हा. "गिद्दड?" ते म्हणाले. "१९७२ के बाद नाम भी मत लीजिए."

घरी येऊन मी १९७२ चा तो कायदा वाचला. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं शिकारीत येतं. कोल्हा संरक्षित आहे. माझ्या हातातली सशाच्या आवाजाची शिट्टी इथल्या रानात फुंकायची वस्तू नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा लख्ख कळलं. सरदारजींनी आणखी एक सांगितलं होतं, त्याने माझी झोप गेली. 'गीदडसिंगी' नावाचा केसाळ गोळा भाग्य उजळतो म्हणून विकला जातो. कोल्ह्याला शिंग नसतं. तरीही त्या न असलेल्या शिंगासाठी कोल्हे मारले जातात.

पुढच्या रविवारी मी कोचना वही दाखवली. त्यांनी दादाचं पान उलटलं, कोऱ्या पानावर एक आकडा लिहिला: २४. म्हणाले, बाकी सगळं विसरा. आंतरराष्ट्रीय नियमाने एका काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत आणि एका छर्ऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही. ट्रॅपला साधारण साडेसात नंबर, स्कीटला नऊ.

मला वाटलं, नऊ म्हणजे मोठा छर्रा. उलटं निघालं. नंबर मोठा तितका छर्रा बारीक. मी कितीतरी वेळ त्यावर अडून राहिले. मग एकदम बाबा आठवले. ते सोलापूरच्या कापड गिरणीत होते आणि सुताचा नंबर मोठा तितकं सूत बारीक, हे मी लहानपणापासून ऐकत होते. छर्ऱ्यांचं तसंच. नऊ नंबर म्हणजे मोहरी, सुमारे २ मिलिमीटर. साडेसात म्हणजे बाजरीचा दाणा, सुमारे २.४ मिलिमीटर. दादाचा 'फोर बक' या मोजणीतला चार नव्हेच. ती जाड छर्ऱ्यांची निराळी मोजणी, त्यातला दाणा ६ मिलिमीटरचा, लहान वाटाण्याएवढा. एकाच आकड्याचे दोन अर्थ. नवख्याने इथे चुकायचं नाही तर कुठे? आपल्याकडच्या शिकारी काडतुसांवर तर आकड्यांऐवजी एलजी, एसजी, बीबी अशी अक्षरंही असतात. आणि बारा बोअरमधला बारा हा पुन्हा तिसराच: एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. म्हणून बारा बोअरची नळी वीस बोअरपेक्षा मोठी.

कोचनी एक काडतूस चिरून दाखवलं. खाली पितळी बूड, त्यात मधोमध टोपी, वर दारू, दारूवर प्लॅस्टिकची वाटी, वाटीत छर्रे. साडेसात नंबरचे २४ ग्रॅम म्हणजे जवळपास ३०० दाणे. नऊ नंबरचे ५०० च्या आसपास. दादाच्या नेहमीच्या काडतुसात सत्तावीस. हा हिशेब कळला तेव्हा वहीतली दोन्ही पानं मला एकदम वाचता आली. जनावराला कातडी, हाड, मांस असतं. तिथे छर्रा खोल जायला हवा, म्हणून थोडे पण जड. चकती ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची, डांबरासारखी राळ आणि चुनखडी यांची ठिसूळ वस्तू. तिला दोन-चार बारीक दाणे नीट लागले तरी ती फुटते. पण लागायला हवेत. सत्तावीस दाणे पसरले की मधल्या फटीतून चकती सहज निसटून जाईल. तीनशे दाण्यांच्या जाळ्यातून निसटणं अवघड. शिवाय साडेसात नंबरचा छर्रा साधारण २०० मीटरच्या आत जमिनीवर येतो, वाटाण्याएवढा छर्रा त्याच्या दुपटीहून लांब जातो. रेंजची मोकळी जागा बारीक छर्ऱ्याच्या हिशेबाने आखलेली असते. चुकीचं काडतूस म्हणजे कुंपणापलीकडच्या शेतात गव्हाला पाणी देणाऱ्या माणसाचा जीव. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नवख्याला ते सगळ्यात शेवटी सांगितलं जातं.

तिसऱ्या रविवारी माझ्याकडून एक चूक झाली. शेजारच्या एकाने प्रेमाने चार काडतुसं पुढे केली, "ये लो जी, इनमें दम है." मी न बघता घेतली. ती ३२ ग्रॅमची होती. धक्का इतका बसला की रात्री खांद्यावर पिकल्या जांभळासारखा डाग उठला आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक बाराआधी माझा डोळा आपोआप मिटायचा. खांद्याचा डाग गेला तरी ती सवय गेली नाही. ती घालवायला कोचनी रिकाम्या बंदुकीवर तासन् तास सराव करून घेतला. साडेतीन किलोची बंदूक उचलायची, गाल टेकवायचा, नळी फिरवायची, खाली ठेवायची. नव्याने येणाऱ्याला मी हात जोडून सांगते: जड काडतुसाने नेम सुधारत नाही. हलकं घ्या आणि खोक्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि खाण्याआधी हात साबणाने धुवा, कारण छर्रा शिशाचा असतो आणि शिसं विष आहे.

एका दुपारी काडतुसांच्या एका जुन्या खोक्यावर 'शक्तिमान' वाचलं आणि खाली खडकी. पुण्याची खडकी! १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना. आणि त्याच आठवड्यात एक मुलगा दुसऱ्याला विचारत होता, "मावलंकर खेलना है इस बार?" मी चमकून वळले. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची 'जी. व्ही. मावळणकर' स्पर्धा असते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, मूळ रत्नागिरीकडचं घराणं. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष होते. त्या मुलांना हे माणसाचं आडनाव आहे हेही ठाऊक नव्हतं. मी त्यांना बसवून सांगितलं. घरापासून इतक्या लांब आल्यावर आपलं माणूस असं भेटलं की बरं वाटतं.

काडतुसाचं कोडं असं सुटलं. हाकेचं राहिलं होतं.

ट्रॅपमध्ये खेळणाऱ्याच्या पंधरा मीटर पुढे जमिनीत खंदक असतो. त्यात पंधरा यंत्रं, प्रत्येक जागेसमोर तीन. कुठलं यंत्र चकती फेकेल, डावीकडे की उजवीकडे, उंच की जमिनीलगत, ते आधी कळत नाही. प्रत्येक जागेवर माईक असतो. तुमचा आवाज त्यात गेला की त्याच क्षणी चकती सुटते. रीत 'पुल' म्हणण्याची, पण नियमात दुसरी कुठलीही हाक चालते. मी लक्ष देऊन ऐकू लागले. कोणी 'हप' म्हणतो, कोणी 'आप'. एक सोळा वर्षांची मुलगी चिमणीसारखं 'ची' करते आणि चकतीचा धूर होतो. एक वयस्क कर्नलसाहेब पोटातून हुंकार देतात. मी प्रत्येकाची हाक एकेक रविवार वापरून पाहिली. एकही माझी झाली नाही.

'पुल'मध्ये माझी अडचण वेगळीच होती. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात, मग ते उघडताना जबडा हलतो आणि बंदुकीवरचा गाल जागा सोडतो. गाल सुटला की डोळा नळीच्या रेषेत राहत नाही. शिवाय मराठी कानाला तो शब्द नदीवरचा पूल वाटतो. मन तेवढ्या क्षणापुरतं भलतीकडे जातं, आणि ट्रॅपमध्ये तेवढा क्षणही हातात नसतो. कोच म्हणाले, "तोंड आधीच जरा उघडं ठेवा. आवाज गळ्यातून नको, पोटातून. आणि दुसऱ्याची हाक घेऊ नका."

मंगळवेढ्याला आजोबांची मालदांडी ज्वारी असायची. कणसं भरली की रानात माळा उभा करायचे आणि आम्ही पोरं त्यावर पाखरं राखायला बसायचो. आजोबा गोफण फिरवायचे आणि दगड सुटताना एकच आवाज द्यायचे, 'हाऽ'. तोंड आधीपासून उघडं, श्वास बाहेर, डोळे थव्यावर. दगड कधी पाखराला लागला नाही, लागावा असा हेतूही नव्हता. पाखरं उठायची आणि पुढच्या रानात जायची. त्या रात्री मी सेक्टरातल्या खोलीत आरशासमोर उभी राहून 'हा' म्हणून पाहिलं. जबडा हलला नाही.

पुढच्या रविवारी पहिल्या जागेवर उभी राहिले. 'हा.' चकती डावीकडून निघाली. नळी तिच्यामागून आली, तिला ओलांडून गेली, आणि मी बोट दाबलं. केशरी ठिकऱ्या हवेत पसरलेल्या दिसल्या. मागे कोच काही बोलले नाहीत. मला रडू आलं, आणि पुढची चकती चुकली.

त्या संध्याकाळी दादाला फोन केला. त्याला वाटत होतं मी त्याची शिट्टी वापरत असेन. मी म्हटलं, दादा, तुझी हाक भुकेल्या जनावराला फसवून जवळ आणते, माझी हाक यंत्राला फक्त 'सोड' म्हणते. तू तिथल्या कायद्यात, कोकरं गमावणाऱ्या शेजाऱ्यासाठी ते करतोस, ते मी समजू शकते. पण इथे मला ते करायचं नाही, आणि मुभा असती तरी केलं नसतं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरं मारली होती, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक होतं. म्हणूनच मला ही डांबराची चकती इतकी आवडते.

मी राहते तिथून शहराच्या कडेचा चो फार लांब नाही. चो म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारा, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. एरवी कोरडी वाळू आणि सरकंड्याचं उंच गवत. नोव्हेंबरात, धुकं उतरायच्या सुमाराला, तिथून एक लांब आवाज उठतो. मग दुसरा, मग चार-पाच एकदम, एकमेकांवर चढत. 'कोल्हेकुई' हा शब्द मी आयुष्यभर कुणाची तरी बडबड हिणवायला वापरला; त्यात एक कुटुंब एकमेकांना 'कुठे आहेस' विचारत असतं, हे मला इथे गच्चीत उभं राहून कळलं. युरोपात संशोधक ध्वनिमुद्रित कोल्हेकुई वाजवतात आणि कुठून किती उत्तरं येतात त्यावरून कोल्ह्यांची मोजणी करतात. त्यांचं ते काम आहे, परवानगीने आणि मोजूनमापून. सुखना तलावामागच्या, १९९८ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्यातही कोल्हे आहेत. तिथे फिरायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: मोबाईलवर आवाज लावून त्यांना बोलावू नका. उत्तर देताना ते आपली जागा उघडी करतात, आणि ऐकणारे सगळे आपल्यासारखेच असतील असं नाही.

दादाची शिट्टी मी त्याच्याच ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवून दिली. वही मात्र ठेवली आहे. परवाच्या रविवारची नोंद अशी: ट्रॅप, काडतूस २४ ग्रॅम, नंबर साडेसात, हाक 'हा', २५ पैकी ११.